कथानक क्षीण, अक्षर चांगले

पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला आमच्या बार्शीत दोन कामं हमखास मिळतात. एक, लग्नपत्रिकांवर पत्ते घालणं आणि दुसरं, परीक्षक होणं. पत्रिका हल्ली मोबाईलवर येतात, त्यामुळे पहिलं काम बुडालं. उरलं दुसरं. आजवर मी रांगोळी, वक्तृत्व, वेशभूषा आणि 'उपासाचे चविष्ट पदार्थ' एवढ्या विषयांत निकाल दिले आहेत. त्यांपैकी फक्त शेवटच्यातलं मला कळतं. कळायलाच हवं. आमचं गाव भगवंताचं. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रतापायी देव इथं धावून आला, अशी कथा. एकादशी पंढरपूरला करावी आणि बारस सोडायला बार्शीला यावं, असं इकडची माणसं म्हणतात. गावाचं नावही त्या बारशीवरूनच पडलं, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि पानात आणखी एक पुरणपोळी वाढतो.

तेव्हा दिवाळीच्या आधी एका वाचनालयाचे कार्यवाह पिशवीत सतरा कथा घेऊन दारात उभे राहिले, याचं मला नवल वाटलं नाही. विषय ऐकून मात्र वाटलं. विषय होता 'ग्रुप'.

"कसला ग्रुप? रक्ताचा?" मी विचारलं.

"व्हॉट्सअ‍ॅपचा हो, मास्तर! आजच्या समाजजीवनाचं प्रतिबिंब कथेत पडायला पाहिजे का नको?"

मी म्हटलं, पडायला पाहिजे. मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. पण सही-शिक्क्याचा अधिकार गेल्यावरही गावानं ती पदवी माझ्याकडेच ठेवली आहे. साहित्यातला माझा अधिकार विचाराल, तर १९८० साली गं. बा. सरदारांच्या अध्यक्षतेखाली बार्शीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी स्वयंसेवक होतो. पाण्याच्या पिंपापाशी उभा राहून मी मराठी सारस्वताची तहान भागवली. तेवढ्या भांडवलावर गेली चाळीसएक वर्षं मी साहित्यावर मत देत आलो आहे. अनेकांचं भांडवल याहून कमी असतं.

तर त्या सतरा कथा.

सतरापैकी अकरा कथा 'टिंग!' या शब्दानं सुरू होत होत्या. दोन 'टुंग'नं. नऊ कथांमध्ये घरातली माणसं एकमेकांशी न बोलता मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेली होती आणि आजोबा एकटेच झोपाळ्यावर. बार्शीत झोपाळा असलेली घरं मला तरी तीनच माहीत आहेत, पण कथेतल्या आजोबांना झोपाळा लागतोच. पाच कथांच्या शेवटी नायकानं मोबाईल विहिरीत फेकला. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या विहिरीत मोबाईल फेकला तर तो बुडत नाही, खडकावर आपटतो, आणि वरून वाकून पाहिलं तर स्क्रीन चालू दिसतो. पण ते असो.

या लेखकांचा मला राग आला नाही. त्यांची एक गंमत मात्र लक्षात आली. ग्रुपवरची सगळी माणसं मूर्ख, आणि लिहिणारा तेवढा शहाणा. प्रत्येक कथेत लेखक गच्चीवर उभा राहून खालच्या गर्दीकडे बघत होता. यातला एकेक लेखक माझ्या ओळखीचा आहे. सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलावर सुविचार टाकून धाडणारे हेच! कथा लिहायला बसले की ते फूल कुठं जातं, कोण जाणे.

बाकीच्यांनी ग्रुपवरचा संवाद जसाच्या तसा द्यायचा म्हणून नाटकासारखा लिहिला होता. डावीकडे नाव, मग दोन टिंबं, मग वाक्य. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, तिसऱ्यानं हसायचं. वाचताना मला वाटलं, असा ग्रुप मिळाला तर मी जन्मभर त्याची वर्गणी भरीन. कारण ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणं ही गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

आमचाच ग्रुप घ्या. १९७४ सालच्या मॅट्रिकची आम्ही मंडळी. नावांऐवजी धंद्यानं सांगतो, कारण मोबाईलमध्येही नोंद तशीच आहे: आडत्या, बँकवाला, पुणेकर, अमेरिकावाला, गिरणीवाला. मेडिकलचं दुकान चालवणारा तो अ‍ॅडमिन. गेल्या वर्षी अ‍ॅडमिननं विचारलं, 'येत्या रविवारी सकाळी दहाला भगवंत मंदिरापाशी जमायचं का?' सरळ प्रश्न. उत्तरं अशी आली. पहिल्यांदा उगवत्या सूर्याचं चित्र. मग बायकोवरचा एक विनोद, जो मी पोस्टात लागलो तेव्हाही जुना होता. मग आडत्यानं आपणहून तुरीचा भाव सांगितला. पुणेकरानं बँकवाल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्याचा वाढदिवस नव्हता, त्याच्या चुलत्यांचं तेरावं होतं. पण एकानं दिल्या म्हटल्यावर पाठोपाठ सात जणांनी दिल्या आणि बँकवाल्यानं सगळ्यांचे आभार मानले. कुणीतरी बोलून धाडलेला निरोप होता, त्यात फक्त कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या. अमेरिकावाल्याचं 'सुप्रभात' आलं तेव्हा इथं दिवेलागण झाली होती. रविवारी दहा वाजता मी आणि अ‍ॅडमिन असे दोघं मंदिरापाशी जमलो. आणि बुधवारी दुपारी आडत्याचं उत्तर आलं, 'येतो.'

आता हे कथेत कसं धरायचं, सांगा! आपली कथा म्हणजे एकामागून एक घडणारी गोष्ट. इथं मागचं पुढं आणि पुढचं मागं. दुपारच्या विनोदाला माणूस रात्री अकराला एकटाच अंथरुणात हसतो, आणि त्या हसण्याच्या वर तोवर कुणाच्या तरी निधनाची बातमी येऊन बसलेली असते. शिवाय मध्येच कुणीतरी लिहिलेलं पुसून टाकतो. नुसती पाटी उरते, की इथं काहीतरी होतं. त्या पाटीइतकं वाचनीय वाङ्मय दुसरं नाही. मूळ मजकूर असताना कुणी ढुंकून पाहत नाही. पुसल्यावर चौघांचे फोन येतात, 'काय लिहिलं होतं रे?'

या सगळ्या गोंधळात माझं काम ऱ्हस्वदीर्घ सुधारण्याचं. कुणी 'आर्शिवाद' लिहिलं की मी खाली 'आशीर्वाद' लिहितो. 'दिर्घायुष्य' लिहिलं की 'दीर्घायुष्य'. चाळीस वर्षं लोकांचे पत्ते दुरुस्त करून टपाल पोहोचवलं, ती सवय. मंडळी हसतात, मीही हसतो. एकदा गिरणीवाल्यावर मी एक कोटी केली होती. पिठाची गिरणी चालवणारा हा आमचा दोस्त ग्रुपवर चार वर्षं होता आणि जोडलेल्या हातांच्या चित्रापलीकडे त्यानं काही लिहिलं नव्हतं. पण रात्री पावणेदहाच्या सुमारास ग्रुपच्या नावाखाली तो टाइप करतोय असं दिसायचं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग ते नाहीसं व्हायचं आणि यायचं काहीच नाही. मी लिहिलं, 'गिरणी चालू आहे, पीठ पडत नाही.' त्या कोटीला तेवीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. गिरणीवाल्यानं हात जोडले.

तर, परीक्षक या नात्यानं मला प्रश्न पडला की या विषयावर चांगली कथा म्हणजे कशी? तुलनेला काहीतरी पाहिजे. नावात 'ब्लॉग' असलेलं एक पुस्तक मला ठाऊक होतं, मनस्विनी लता रवींद्र यांचं 'ब्लॉगच्या आरशापल्याड'. त्याला २०१६ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पण ब्लॉग ही एका माणसाची ओसरी. मला चावडी हवी होती. शोधता शोधता कपाटातल्या वरच्या फळीवर हात गेला आणि 'बटाट्याची चाळ' खाली आली, थोड्या धुळीसह.

पु. लं.चं हे पुस्तक १९५८ सालचं. तेव्हा मी जन्मलोच होतो जेमतेम. कितीदा वाचलं याची गणती नाही, पण ते ग्रुपवरचं पुस्तक आहे हे मला सतरा कथांनी शिकवलं. 'उपास' आठवा. एका माणसानं वजन कमी करायचं मनात आणलं, एवढंच. पुढं जे होतं ते सगळं चाळ करते. जो येतो तो सल्ला देतो. एक म्हणतो हे सोडा, दुसरा म्हणतो तेच खा. कुणाचंही कुणाशी पटत नाही आणि प्रत्येकाला खात्री. मधुमेहावर कारल्याचा रस सुचवणाऱ्या ग्रुपवर मी रोज हेच वाचतो. (उपास सोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात राहून माझा या लेखावर थोडा जास्त जीव आहे, हे कबूल.) 'भ्रमणमंडळ' वाचलं की आमच्या रविवारच्या सकाळी दहाचं काय झालं ते कळतं: फिरायला निघण्यापेक्षा निघण्याविषयी बोलण्यात माणसाचा जन्म जास्त जातो. 'गच्चीसह झालीच पाहिजे'मध्ये एका गच्चीसाठी चळवळ उभी राहते. आणि 'काही वासऱ्या'! तिथं तर लेखक बाजूलाच झाला आहे. एकाच चाळीतल्या निरनिराळ्या माणसांच्या रोजनिश्या, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि एकाची चाळ दुसऱ्याच्या चाळीशी जुळत नाही. मला वाटतं, ग्रुपचं खरं रूप हे. एक गोष्ट वीस जणांनी सांगायची आणि गोष्टी वीस व्हायच्या.

पण नुसत्या रूपानं भागत नाही. चाळीवर हसताना पु. ल. वर गच्चीवर उभे नाहीत. ते खाली नळाच्या रांगेत आहेत, बादली घेऊन. 'उपास'मध्ये हसू होतं ते सांगणाऱ्याचंच. म्हणून शेवटच्या 'चिंतना'त हसू मावळतं तेव्हा तो बदल खोटा वाटत नाही. ज्याची खोली तिथं होती त्यालाच ती जाताना काही वाटणार. आमच्या सतरातल्या लेखकांना नेमकं हेच जमलं नव्हतं. ग्रुप त्यांना रोग वाटत होता, आणि रोगावर लिहिताना माणूस डॉक्टर होतो.

शेजारी द. मा. मिरासदारांचं पुस्तक होतं, तेही उघडलं. ते आमच्याच जिल्ह्यातले, जन्म अकलूजचा. भोकरवाडीत बातमी उठते कशी, फुगते कशी आणि तिच्यावर विसंबून नाना चेंगट आणि बाबू पैलवान ही मंडळी निघतात कशी, हे वाचताना 'फॉरवर्डेड' हा शब्द डोळ्यांपुढे यायला लागला. मुळात कुणी सांगितलं हे कुणालाच ठाऊक नसतं, पण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तेवढ्यात सौभाग्यवतीनं जेवायला हाक मारली आणि भोकरवाडी तिथंच राहिली.

माझ्या भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, चाळ वगैरे ठीक आहे, पण तुम्ही जपानचं 'डेन्शा ओतोको' ऐकलंय का?" मी म्हटलं, मला बार्शीतलं सगळं ऐकू येत नाही, तर जपानचं कुठून! पण त्यानं सांगितलं आणि मी चाट पडलो. 'डेन्शा ओतोको' म्हणजे आगगाडीतला माणूस. २००४ सालची गोष्ट. एक लाजराबुजरा तरुण गाडीतून जात होता. एक झिंगलेला म्हातारा बायकांना त्रास देऊ लागला, आणि हा कधी नव्हे तो मध्ये पडला. त्यातल्या एकीनं याचा पत्ता घेतला आणि आभार म्हणून चहाचे दोन उंची पेले धाडले. झालं! याला पुढं काय करावं कळेना. फोन करायचा का? काय बोलायचं? जेवायला कुठं न्यायचं? अंगात काय घालायचं? घरी विचारायची सोय नाही, म्हणून त्यानं इंटरनेटवरच्या एका मोठ्या चावडीवर अनोळखी माणसांना विचारलं. आणि त्या माणसांनी, ज्यांना एकमेकांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती, त्याचं जमवायचा विडा उचलला. सल्ले, भांडणं, टिंगल, आणि तो पहिला फोन करून येईपर्यंत सगळ्यांनी जागत बसणं. ती सगळी लिहापुसी त्याच वर्षी पुस्तकरूपानं निघाली, जशीच्या तशी, विरामचिन्हांनी काढलेल्या चित्रांसकट. पुढच्या वर्षी सिनेमा आला. ही हकीगत खरी की कुणी बसून रचलेली, यावर तिकडे अजून वाद आहे. लेखकाचं नाव छापलंय नाकानो हितोरी. तो शब्दांचा खेळ आहे म्हणे. अर्थ होतो, 'आपल्यातलाच एक'.

मला ही कल्पना भारीच आवडली. पु. लं.नी 'उपास'मध्ये जे केलं तेच हे, फक्त वजनाच्या जागी प्रेम. आणि लेखकाचं नावच 'आपल्यातलाच एक'! सतराच्या सतरा लेखकांना ही पाटी गळ्यात घालायला हवी होती.

फक्त एक शंका आली. त्या तरुणाला अनोळखी माणसं शोधायला घरी जाऊन यंत्र का उघडावं लागलं? गाडीत माणसं नव्हती? आमच्या बार्शी लाइटमध्ये असं झालं असतं तर! १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला आलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी. पुढं तिकडे लातूरला गेली, इकडे पंढरपूरहून मिरजेला गेली, आणि या शतकात रूळ रुंद झाले तेव्हा इतिहासजमा झाली. चालत्या गाडीतून उतरून, तोंड धुऊन पुन्हा चढता यायचं अशी तिची ख्याती. मी स्वतः उतरलेला नाही, पण चढलेल्यांच्या शेजारी बसलोय. त्या डब्यात गुडघ्याला गुडघा लागायचा. समोरच्याला कुठं निघालात एवढं विचारलं, की माढ्याच्या मुलीचं स्थळ, तिचा पगार, तिच्या आत्याचा स्वभाव आणि पोटदुखीवर ओवा, एवढं कुर्डुवाडी यायच्या आत हातात पडायचं. झिंगलेल्या म्हाताऱ्याला डब्यानं परस्पर उतरवलं असतं आणि तरुणाचं लग्न गाडीतच ठरलं असतं. कादंबरी मात्र झाली नसती. कारण कुणी काही लिहून ठेवलं नसतं.

भाच्यानं आणखी एक सांगितलं. 'मायबोली' नावाचं मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आहे, म्हणजे आमच्या घरी फोन आला त्याच्याही आधीपासून. तिथं गणेशोत्सवात 'एसटीवाय' नावाचा खेळ खेळत. मला वाटलं एस.टी.चं काही आहे. तर नाही. एकानं गोष्टीचा तुकडा लिहायचा, दुसऱ्यानं पुढं ओढायची, तिसऱ्यानं भलतीकडे वळवायची. म्हणजे एस.टी.च की! गाडी बार्शीहून तुळजापूरला निघते, मध्ये चालक बदलतो आणि ती परांड्याला पोहोचते. अशी गोष्ट चांगली होत नाही, हे उघड आहे. पहिल्यानं मारलेलं पात्र चौथा जिवंत करतो. पण लिहिणाऱ्यांना काय मजा आली असेल! सतरा कथांत मला ती मजा कुठं दिसली नव्हती.

एवढी तयारी करून मी निकालाच्या बैठकीला गेलो. आम्ही तीन परीक्षक. चहा, बिस्किटं, आणि मध्ये कथांचा गठ्ठा. आता त्यातल्या एका कथेबद्दल सांगायचं आहे. ती मी मुद्दामच मागं ठेवली होती.

रेघांच्या कागदावर, निळ्या बॉलपेननं लिहिलेली, सात पानांची. तिची सुरुवात 'टिंग'नं नव्हती. सासरकडच्या त्रेसष्ट माणसांच्या ग्रुपवर एक बाई आहे. ती कधी काही लिहीत नाही. म्हणजे लिहिते, पण पाठवत नाही. कथेत नुसती तिची न पाठवलेली वाक्यं होती. 'मलापण यायचं होतं.' खोडलेलं. 'भाकरीचा फोटो छान आलाय, पीठ आमच्याकडचं आहे.' खोडलेलं. नणंदेनं काही विचारलं त्यावर चार ओळी, त्याही खोडलेल्या. ग्रुपवर बाकीचे काय बोलतात, हे वाचणाऱ्यानं तिच्या खोडलेल्या उत्तरांवरून ओळखायचं. शेवटी तिनं जोडलेले हात पाठवले. संपली कथा.

पहिले परीक्षक म्हणाले, "यात घडत काहीच नाही." दुसरे म्हणाले, "खाडाखोड फार आहे. नियमावलीत स्वच्छ प्रत मागितली होती." मला ती कथा वाचताना काहीतरी झालं होतं. काय, ते सांगता येईना. चाळ वाचून, जपान ऐकून, मी जी मापं घेऊन गेलो होतो त्यात ती बसत नव्हती. माझी सगळी मापं बोलणाऱ्या माणसांची. चाळीत गप्प बसलेला माणूसही दिसतो हो; दार लोटलेलं असतं, कडी वाजत नाही, शेजारी विचारतात, बरं नाही का? ग्रुपवर गप्प माणूस दिसतच नाही. त्याच्यावर कथा होते, हेच माझ्या ध्यानात आलं नाही. मी पेन काढलं आणि शेरा लिहिला: 'कथानक क्षीण. अक्षर चांगले.' शिवाय 'मलापण' खाली रेघ मारून शेजारी 'मला पण' असं लिहिलं.

पहिलं बक्षीस विहिरीतल्या मोबाईलला गेलं. या कथेला उत्तेजनार्थ, म्हणजे स्टीलचा डबा. समारंभाला ती आली होती. विशीतली मुलगी, डबा घेतला, वाकून नमस्कार केला आणि गावाकडची शेवटची गाडी चुकेल म्हणून भाषणाच्या आधीच गेली. भाषण माझं होतं.

संक्रांत झाली आणि गिरणीवाला गेला. झोपेतच. ग्रुपवर त्या दिवशी एकशेदहा निरोप आले. सगळ्यांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', बहुतेक ठिकाणी 'श्रद्धांजली'तला जोडाक्षराचा घोळ. मी एकही सुधारला नाही, एवढं माझ्या बाजूनं नमूद करतो. बाराव्यानंतर आम्ही चौघं भेटायला गेलो. वहिनींना अलीकडे फार अंधुक दिसतं. त्यांनी आवाजावरून एकेकाला ओळखलं.

"तुमी मास्तर का? तुमचं ते शेवग्याचं आमी दोगं लई हसलाव बगा."

मला कळेना. मग आठवलं. शाळेत असताना शेंगा चोरायला आम्ही शेवग्यावर चढलो आणि फांदी मोडून सगळे खाली आलो, ही हकीगत मी दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर लिहिली होती. खाली आलेल्यांत गिरणीवालाही होता.

"रोज रात्री गिरणी बंद केली की जेवून मला सगळं वाचून दावायचे," वहिनी म्हणाल्या. "कोण काय म्हनलं, कोनाच्या घरी काय झालं. आडत्या भाऊजींचा तुरीचा भावसुदिक. अमेरिकेतल्या भाऊजींची नात चालायला लागली ते बी. मला सगळ्यांचं ठावं हाय."

आडत्यानं विचारलं, "मग वहिनी, तो लिहीत का नव्हता कधी?"

"लिवायचे की. त्या शेवग्याच्या टायमाला तर लई लिवलं हुतं. फांदी कुनामुळं मोडली ते खरं सांगतो म्हनले. लिवून झालं की मला इचारायचे, धाडू का? मी म्हनायची, धाडा. मग म्हनायचे, नगं. काय तरी चुकलं असंल, मास्तर खाली लिवतील." त्या हसल्या. "मग पुसायचे आन हात जोडायचे."

चहा आला. तो मी प्यायलो असणार.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो आणि ती सात पानं मागितली. हस्तलिखितं स्पर्धकांना परत केली होती. कार्यवाहांनी रजिस्टर उघडलं आणि त्यातला पत्ता मला दिला. मी त्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. काय लिहिलं ते सांगत नाही. खाडाखोड बरीच होती. तिकडून उत्तर आलेलं नाही. चाळीस वर्षं टपालात काढल्यामुळे, उत्तर न येण्याची किती कारणं असू शकतात ते मला ठाऊक आहे.

अ‍ॅडमिननं मध्ये मला खासगीत विचारलं, 'गिरणीवाल्याचा नंबर काढू का?' मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "काडू नका भाऊजी. फोन माज्याकडंच हाय. नातू वाचून दावतो."

परवा मी शेवग्याची गोष्ट पुन्हा लिहिली, या वेळी पुढचा भागही. फांदी गिरणीवाल्यामुळे मोडली नव्हती, माझ्यामुळे मोडली होती. आणि मार त्यानं खाल्ला होता. लिहून झाल्यावर तपासलं नाही, तसंच पाठवलं. खाली आडत्यानं लिहिलं, 'मास्तर "फांदि" नव्हे "फांदी".' त्यावर एकोणतीस हसरे चेहरे. मग पुणेकरानं कुठला तरी सूर्योदय टाकला आणि बोलणं भलतीकडे गेलं.

रात्री झोपताना मी त्या निरोपावर बोट दाबून धरलं. कुणी वाचलं, कधी वाचलं, त्याची यादी तिथं येते. गिरणीवाल्याच्या नावापुढे वेळ होती, नऊ वाजून बावन्न मिनिटं.